टोटोट हलवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना बेटांवरचं टोटोट हे फळकबुतर पकडून दुसऱ्या बेटावर सोडतात, ते प्रत्यक्षात कसं? जंगल उभं असताना त्याची गरज काय? आणि ज्यांनी जखमी हरियल सांभाळले आहेत, त्यांना तोच अनुभव इथे चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नाही, चालणार नाही. दोघंही कबुतरांच्या कुळातले, दोघंही हिरवे, दोघंही वडा-उंबराच्या झाडावर फळं खाताना दिसणारे. पण आत पाहिलं तर दोन वेगळी यंत्रं आहेत. हरियलची पेषणी, म्हणजे कोंबडीच्या दुकानात कलेजीबरोबर जो पेटा मिळतो तो अवयव, जाड आणि जोरकस असते. उंबरातल्या बारीक बिया ती वाळूच्या कणांच्या मदतीने चक्क दळते. झाडाच्या दृष्टीने हरियल बियाणं खाणारा आहे. टोटोटची पेषणी पातळ, आतडं आखूड आणि रुंद. फळ अख्खं गिळायचं, वरचा गर काढून घ्यायचा आणि बी जशीच्या तशी खाली टाकायची, एवढंच त्याचं काम. म्हणजे हा बी पेरणारा. गोव्याच्या सदाहरित जंगलातलं माउंटन इम्पिरियल पिजन याच पद्धतीचं आहे. तुलना करायचीच तर त्याच्याशी करावी.

याचा व्यवहारातला अर्थ असा की टोटोटला दाणे देऊन भागत नाही. भिजवलेले हरभरे, ज्वारी, बाजरी, कबुतरांचं तयार मिश्रण यांपैकी काहीही त्याला पचवता येत नाही. वाळू-खडीही द्यायची नाही. पोटात फळ फार वेळ टिकत नाही, त्यामुळे साठाही नाही. साधं कबुतर दिवसभर उपाशी राहिलं तरी सहसा निभावून नेतं. टोटोटच्या बाबतीत काही तासांचा उपास दुसऱ्या दिवशी सकाळी तराजूवर दिसतो. त्यामुळे पकडण्यापासून सोडण्यापर्यंतचं सगळं वेळापत्रक त्याच्या पोटावर बेतावं लागतं, माणसांच्या सोयीवर नाही.

आता पक्षी कोणता ते सांगतो. शास्त्रीय नाव टिलिनोपस रोझिकॅपिला. लांबी सुमारे 24 सेंमी, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. डोक्यावर गुलाबी-जांभळी टोपी, मान आणि छाती राखाडी, पाठ-पंख हिरवे, छातीखाली जांभळा पट्टा, पोट पिवळं-नारिंगी. वर्णन वाचून वाटतं की हा लांबूनही उठून दिसेल. प्रत्यक्षात तो पानांत बसला की सापडत नाही. ऐकू मात्र सतत येतो. घुमणं सावकाश सुरू होतं आणि पुढे वेग घेतं. चामोरो या तिथल्या मूळ लोकांनी दिलेलं टोटोट हे नाव स्थानिक वापरात सगळीकडे चालतं. आज तो सायपान, टिनियान, अगिगुआन आणि रोटा या बेटांवर आहे. याच साखळीतल्या ग्वाम बेटावर होता.

ग्वामवरून तो का गेला, हे समजल्याशिवाय हलवाहलवीचं कारण कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालाबरोबर ब्राउन ट्री स्नेक ग्वामवर पोचला. आपल्याकडच्या मांजऱ्या सापाचा हा सख्खा नातेवाईक, त्याच बोइगा प्रजातीतला: रात्री हिंडणारा, झाडावर सहज चढणारा, सौम्य विषाचा. मांजऱ्याबरोबर राहण्याची आपल्या पक्ष्यांना हजारो वर्षांची सवय आहे. ग्वामच्या पक्ष्यांनी झाडावर चढणारा शिकारी साप पाहिलाच नव्हता. टोटोटचं घरटं म्हणजे चार काड्यांची पातळ चटई, त्यात एकच अंडं, आणि अंड्यावर रात्रभर हलत नाही असा पालक. सापाला एका फेरीत अंडंही मिळतं आणि मोठा पक्षीही. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत ग्वामवरचा टोटोट संपला. तिथल्या जंगलातल्या 12 मूळ पक्ष्यांपैकी 10 असेच गेले. याला साप जबाबदार आहे हे ज्युली सॅव्हिज यांनी 1987 मध्ये सिद्ध करून दाखवलं. तोवर कीटकनाशकं, रोगराई असे बरेच तर्क चालू होते.

जंगल उभं आहे, हे प्रश्नातलं म्हणणं ग्वामबद्दल वरवर खरं आहे. पण फळ गिळून दूर नेणारा कोणी उरला नसल्यामुळे बिया आईच्या बुंध्याशीच पडतात. तिथल्या दोन नेहमीच्या झाडांमध्ये नव्या रोपांची भरती 61 ते 92 टक्क्यांनी घटली असावी, असा अंदाज 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतलं एक आपल्या अग्निमंथाचं भावंड आहे, तिकडे त्याला आहगाओ म्हणतात.

सायपान आणि टिनियानची अडचण वेगळी आहे. जपानी अमलात तिथलं बहुतेक सपाट जंगल उसासाठी साफ झालं. युद्धात उरलंसुरलं भाजून निघालं, आणि नंतर उघडी माती धरून ठेवायला जे झाड मोकळ्या हाताने पेरलं गेलं ते तांगान-तांगान, म्हणजे आपली सुबाभूळ. सुबाभळीचं रान माजलेला माळ ज्यांनी आपल्याकडे पाहिला आहे त्यांना चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल: लांबून हिरवंगार, आणि फळ खाणाऱ्याला त्यात एक घास नाही. शेंगा टोटोटच्या काय कामाच्या? त्याला लागतं नुनू, म्हणजे वडाच्या जातीचं झाड, आणि चुनखडीवरच्या जुन्या जंगलातली बारीक गराची फळं. अशी जंगलं कडे-कपारींवर तुकड्या-तुकड्यांनी उरली आहेत. त्यावर वादळं येतात. ऑक्टोबर 2018 मध्ये युटू टिनियान-सायपानवरून गेलं तसं वादळ आलं, की झाड उभं राहिलं तरी फळ राहत नाही. आणि ग्वामचा साप मालवाहतुकीबरोबर उद्या सायपानला ठाण मांडेल ही टांगती तलवार कायमच आहे. म्हणून साप नसलेल्या, वस्ती नसलेल्या उत्तरेकडच्या एखाद्या बेटावर वेगळी संख्या उभी करायची. विम्याचा हप्ता म्हणा हवं तर.

त्यासाठी निवडलेलं बेट सारिगान. सायपानच्या उत्तरेला सुमारे 170 किमी, क्षेत्रफळ जेमतेम 5 चौरस किमी, ज्वालामुखीचा सुळका. बेट निवडताना पहिली चूक होते ती नुसता हिरवा रंग बघण्याची. सारिगानवर मोकाट शेळ्या आणि डुकरं होती. 1998 मध्ये ती काढली. त्यानंतर झाडोरा झपाट्याने आला, पण त्याचबरोबर ओपरक्युलिना नावाची वेल अंगावर आल्यासारखी पसरली. ही आपल्या निशोत्तराची नातेवाईक. तिच्याखाली झाकलेलं जंगल उपग्रहाच्या चित्रात दाट दिसतं, फळकबुतराच्या हिशेबात ते शून्य. म्हणून पायी फिरून फळझाडं मोजायची, कोणत्या महिन्यात काय पिकतं ते लिहायचं, आणि निदान दोन-तीन जातींची झाडं एकामागोमाग फळावर असतील असा हंगाम सोडण्यासाठी धरायचा. सगळी मदार एकाच वडावर असेल तर तारीख पुढे ढकललेली बरी. टोटोट तिथे 2012 पासून नेले गेले. त्याआधी चष्मेवाल्यांसारखे छोटे पक्षी नेऊन बेटाचा अंदाज घेतलेला होता. आणि विमाही शंभर टक्के नसतोच: मे 2010 मध्ये सारिगानच्या दक्षिणेला समुद्राखाली ज्वालामुखीचा स्फोट झाला होता.

पकडणं. मिस्ट नेट, म्हणजे पक्ष्याला सहज न दिसणारं बारीक धाग्याचं जाळं, लागतं, पण छोट्या पक्ष्यांचं 36 मिमी जाळीचं नाही. त्यात कबुतर अडकत नाही, आपटून उसळतं आणि निघून जातं. 60 मिमी घ्यावं, आणि कप्पे खोल ठेवावेत, म्हणजे जाळी फार ताणू नये. हा पक्षी शेंड्यावर वावरतो, त्यामुळे जमिनीलगतचं जाळं दिवसभर रिकामं राहतं. दोन बाजूंना उंच काठ्या किंवा फांदीवरून टाकलेल्या दोऱ्या आणि कप्पी, म्हणजे जाळं झेंड्यासारखं वर-खाली करता येतं. जागा फळावर आलेल्या झाडाच्या तोंडाशी, येण्याजाण्याच्या वाटेवर. झाडाच्या आत नाही. पहाटे लावायचं, दर 15 मिनिटांनी बघायचं, ऊन चढलं की उतरवायचं. कप्पी अडकून जाळं खाली येत नाही हा नेहमीचा घोटाळा आहे. पक्षी नसताना पाच-सहा वेळा वर-खाली करून पाहिलं की टळतो.

पक्षी हातात आला की दोन गोष्टी सांभाळायच्या. पिसं: कबुतरं घाबरली की पाठीची आणि शेपटीची पिसं मुठीत सोडून देतात, सापाच्या किंवा ससाण्याच्या तोंडातून सुटायची ही त्यांची युक्ती. शेपटी गेली तर पक्षी हलवता येतो. पंखाची मोठी पिसं गेली तर तिथेच सोडायचा. दुसरं, मानेच्या खालचं अन्नपुट. ते फळांनी भरलेलं असतं. तिथे अंगठा दाबला गेला की फळं वर येतात, थोडी श्वासनळीत जातात, आणि तीन दिवसांनी पेटीत निमोनियाने मेलेला पक्षी सापडतो. कारण शोधताना सगळे खाण्याला दोष देतात. चूक जाळ्यापाशी झालेली असते.

त्याच अन्नपुटाचा एक उपयोगही आहे, आणि इतर सगळ्या तपासण्या घाईत उरकल्या तरी ही चुकवू नये. बोटाच्या टोकाने हलकेच चाचपायचं. साधं अन्नपुट फुग्याच्या रबरासारखं पातळ लागतं, आतली फळं एकेक मोजता येतात. भिंत जाड, गादीसारखी लागली, दोन्ही बाजूंना भरीव वाटली, तर हा पक्षी अंड्यावर किंवा पिल्लावर आहे. कबुतरांत पिल्लाला भरवायचं दूध या भिंतीतच तयार होतं, आणि ते नर आणि मादी दोघांनाही येतं. असा पक्षी ताबडतोब, त्याच जागी सोडायचा. घरट्यात एकच पिल्लू असतं आणि दोन्ही पालक आळीपाळीने ते सांभाळतात. एक पालक उचलला तर पिल्लू जवळजवळ गेल्यातच जमा. बाहेरून नर-मादी खात्रीने सांगता येत नाहीत, त्यासाठी एखाद्या पिसावरून डीएनए तपासणी करावी लागते. डोक्यावर गुलाबी टोपी नसलेला, सगळाच हिरवा दिसणारा पक्षी मादी नव्हे, त्या वर्षाचं पिल्लू असतं. ही गल्लत सर्रास होते.

चोच उघडून घसा बघायचा. पिवळट, दह्याच्या गुठळीसारखे डाग दिसले तर ट्रायकोमोनास. मारियानात बाहेरून आणलेली फिलिपिन्सची कंठी होली भरपूर आहे आणि एकत्र पाणी पिण्यातून हा परजीवी फिरतो. डागवाला पक्षी नव्या बेटावर न्यायचा नाही, औषध देऊनसुद्धा नाही. बेट पुन्हा स्वच्छ करता येत नाही.

पेटी. इथे मोठ्या पिंजऱ्याचा मोह टाळावा. टोटोट घाबरला की सरळ वर उडी घेतो. तारेच्या छताला डोकं लागून कातडी सोलवटते. प्रत्येकाला वेगळी, वळता येईल एवढीच पेटी, छताला आतून कापड किंवा स्पंज, समोर पडदा, तळाला रोज बदलायचा कागद, आणि करंगळीएवढ्या जाडीची एक ताजी फांदी, जी घसरत नाही. तळावरची विष्ठा वाचता यायला हवी: रंगीत, ओलसर, बिया किंवा फळाचे अंश असलेली असेल तर पक्षी खातो आहे. हिरवट, चिकट आणि थोडी असेल तर खात नाही, वाटीतली फळं कितीही विस्कटलेली दिसोत.

खाणं. पहिल्या दिवशी बहुतेक टोटोट वाटीतल्या पपईच्या फोडींना ओळखतच नाहीत. त्यांच्यासाठी फळ म्हणजे देठाला लटकलेली गोल वस्तू. म्हणून घडासकट डहाळी बांधायची, आणि तिच्याखाली वाटी ठेवायची. पपई, पिकलेलं केळं, द्राक्षं, नाशपाती. तुकडे 8 ते 10 मिमीचे, त्याहून मोठे केले तर चोचीतून फेकले जातात, बारीक चुरा केला तर त्यांचा चिखल होतो आणि पक्षी हात लावत नाही. दिवसभरात वजनाच्या निम्म्यापासून जवळपास वजनाइतकं फळ पोटातून जाऊ शकतं, म्हणून शंभर ग्रॅमच्या पक्ष्याला दिवसाला 80 ते 100 ग्रॅम तरी, दोन-तीन वेळा ताजं करून. दमट हवेत दुपारपर्यंत फळ आंबतं. लिंबूवर्गीय फळं देऊ नयेत: क जीवनसत्त्वामुळे अन्नातलं लोह जास्त शोषलं जातं, आणि फळं खाणाऱ्या पक्ष्यांच्या यकृतात लोह साठून ते निकामी होण्याचा धोका असतो. चार दिवसांच्या मुक्कामात हा प्रश्न येणार नाही, वर्षानुवर्षं ठेवलेल्या पक्ष्यांत येतो. प्राणिसंग्रहालयांत फळाबरोबर दिल्या जाणाऱ्या भिजवलेल्या गोळ्या कमी लोहाच्याच निवडतात, ते याचसाठी.

न खाणाऱ्याला भरवावं लागतं. एकाने पक्षी टॉवेलमध्ये उभा धरायचा, दुसऱ्याने चोच बाजूने हलकी उघडून पाण्यात बुडवलेला पपईचा तुकडा जिभेच्या मागे, श्वासनळीच्या छिद्रापलीकडे ठेवायचा आणि त्याला स्वतःहून गिळू द्यायचा. एका वेळी सात-आठ तुकडे पुरे. पिचकारीने पाणी सोडू नका. सगळ्यात जास्त पक्षी त्यानेच गुदमरतात. वजन रोज सकाळी, पहिल्या घासाआधी, त्याच तराजूवर. पकडतानाच्या वजनात 10 टक्के घट म्हणजे भरवण्याच्या वेळा वाढवायच्या. 15 टक्के म्हणजे हट्ट सोडून तो पक्षी मूळ जागी परत. पकडताना अन्नपुट भरलेलं होतं की रिकामं, हे पहिल्या वजनाशेजारी लिहिलेलं नसेल तर हे आकडे निरर्थक ठरतात: दहा ग्रॅम फळ पोटात असलेला पक्षी दुसऱ्या सकाळी विनाकारण आजारी दिसतो.

प्रवासाच्या पेटीत पाण्याची वाटी नको, ती सांडते आणि पिसं भिजतात. पपईचे आणि द्राक्षाचे तुकडेच पाण्याचं काम करतात. निघायच्या तासभर आधी भरपेट, पोचल्यावर पुन्हा घास, मग सोडायचं. पेटीच्या आतलं तापमान पाहा, बाहेरचं नाही. धावपट्टीवर उन्हात अर्धा तास थांबलं की काम बिघडलं. सामान, दोऱ्या, झाडांच्या फांद्या, तंबूची पिशवी, सगळं साप आणि उंदरांसाठी झाडून बघायचं. हे कंटाळवाणं असतं म्हणून शेवटी ठेवलं जातं, आणि शेवटी ठेवलं की घाईत होतं. सकाळी सुरू करा.

सोडताना मोठ्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवून सवय लावण्याचा उपयोग या पक्ष्याला फारसा नाही. फळावर आलेल्या झाडांच्या कडेला, सकाळी, पेटीचं दार उघडायचं आणि मागे सरकायचं. एकाच दिवशी शक्य तितके जास्त पक्षी एकाच ठिकाणी सोडावेत, म्हणजे एकमेकांचा आवाज त्यांच्या कानावर पडतो. पायातल्या रंगीत कड्यांवर फार विसंबू नये: नडगी आखूड, वर पिसांची झालर, आणि पक्षी पानांत. नंतरची मोजणी कानानेच, ठरलेल्या ठिकाणी पहाटे उभं राहून. एक-दोन वर्षांनी कडं नसलेला पक्षी जाळ्यात आला, किंवा टोपी नसलेलं हिरवं पिल्लू दिसलं, तर बेटावर वीण झाली.

प्राणिसंग्रहालयातल्या विणीबद्दल थोडंसंच. घरट्यासाठी उथळ जाळीची टोपली द्या आणि तळाला काथ्या शिवून टाका, नाहीतर त्या चार काड्यांमधून अंडं खाली पडतं. पिल्लू अर्धवट वाढीचं असतानाच, दोन आठवड्यांच्या सुमारास घरटं सोडतं आणि बऱ्याचदा जमिनीवर उतरतं, म्हणून त्या दिवसांत पाण्याची भांडी खड्यांनी भरून ठेवावीत. अंडं पाळीव होल्यांखाली उबवायला ठेवता येतं, पण पहिल्या काही दिवसांनंतर ते पालक दुधात दाणे मिसळायला लागतात. टोटोटच्या पिल्लाला ते दाणे पचत नाहीत, अन्नपुट गच्च होतं. होल्यांना त्या काळात फक्त मऊ, भिजवलेल्या गोळ्या द्यायच्या किंवा पिल्लू वेळेत हातावर घ्यायचं.

आणि हरियलबद्दल, कारण प्रश्न तिथून सुरू झाला होता. जखमी हरियलला वरचा टोटोटचा आहार तसाच देऊ नका. त्याला उंबर-वडाची फळं बियांसकट आणि थोडी जाडी वाळू लागते. आपल्याकडे तो राज्यपक्षी आणि कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे घरी ठेवायचा प्रश्नच येत नाही. खोक्यात, अंधारात, छताला कापड लावून वनविभागाकडे पोचवा. पेटीबद्दल वर सांगितलेलं मात्र त्याला जसंच्या तसं लागू आहे. डोकं आपटायची सवय दोघांची एकच.